दोन ठोक्यांमधली जागा

"महिपतराव, बोलता बोलता मधेच थांबून तुम्ही कशाची वाट बघता हो?" असं सरदेशमुखबाईंनी मला भर स्टुडिओत विचारलं, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत नारळाच्या करवंट्या होत्या आणि मी घोडा होतो. पुण्याच्या रेडिओ केंद्रावर नाटकांना आवाज पुरवायचे, ही माझी नोकरी. करवंट्या आपटल्या की घोडा, पत्रा हलवला की गडगडाट, सुपात वाटाणे फिरवले की पाऊस. ओला पंचा झटकला की एक पाखरू उडतं. पण दहा पंचे झटकले तरी थवा उडत नाही, हे मी कुणाला सांगत नसे. बाई नाटकं बसवायच्या आणि त्यांचा कान फार तिखट. त्यांनी माझी नक्कलच करून दाखवली. "दुसऱ्या प्रवेशात घोडा," एवढं बोलून मान वाकडी केली, डोळे कुठंतरी लांब लावले, कान दिला, आणि मग "डावीकडून आणू का?" सगळे हसले. मीही हसलो, नोकरीत हसावं लागतं. पण संध्याकाळी खोलीवर जाताना लकडी पुलावर मी सायकलवरून उतरलो आणि कठड्याला टेकून उभा राहिलो, कारण मी कशाची वाट बघतो ते मला एकदम कळलं होतं. मी ठोका पडायची वाट बघत होतो. अकरा वर्षं पुण्यात काढली, धोतराची पँट झाली, 'हाय'चं 'आहे' झालं, आणि तरी वाक्याच्या मध्यावर आलो की मी आमच्या वावरातल्या ठोक्याला वाट करून देत होतो.

ठोक्या हा शब्द आबांचा, म्हणजे माझे वडील जोतीराम यांचा. बारामतीहून इंदापूरच्या बाजूला निघालं की भवानीनगरच्या अलीकडे, पाटाच्या खालच्या अंगाला आमचं वावर. पाटातून फुटलेल्या चारीचं पाणी वावरात उतरतं तिथं आबांनी बाभळीचा एक लांब दांडा मधोमध आसावर टेकवला होता. दांड्याच्या एका टोकाला कोरलेली पन्हळ, दुसऱ्या टोकाला लाकडी हातोडा, आणि हातोड्याखाली डांबराचं रिकामं पिंप पालथं घातलेलं. चारीचं पाणी पन्हळीत पडायचं. पन्हळ भरून जड झाली की खाली जायची, पाणी सांडायचं, हलकी झालेली पन्हळ वर उसळायची आणि हातोडा पिंपावर आदळायचा. ठाण्. दांड्याला बांधलेली तार खांबाखांबावरून वावरभर फिरवलेली, तिला रॉकेलचे डबे टांगलेले, डब्यांत खडे. त्यामुळं ठोका पडला की खळखळाट बांधापासून पार ओढ्यापर्यंत धावत जायचा आणि त्याच्या पुढंपुढं ज्वारीवर उतरलेल्या भोरड्यांचा थवा भर्रकन उठायचा. मग पन्हळ पुन्हा भरेपर्यंत काही नाही. थवा बाभळींवर बसायचा, कुजबुजायचा, हळूहळू परत उतरायचा, आणि पहिल्या कणसाला चोच लागते न लागते तोच पुढचा ठोका. चारीला पाणी जास्त असलं तर ठोके जवळजवळ, कमी असलं तर लांब लांब. जेवताना आबा एकदम हात थांबवायचे. "ठोका लांबला. वर कुनीतरी पानी फोडलंया," म्हणायचे, आणि फावडं घेऊन चालू पडायचे. त्यांचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. आईचं नाव रंगूबाई. माझ्या जन्माआधी शाळूच्या राखणीला ती वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर उभी राहून पाखरांवर ओरडायची. सकाळी तांबडं फुटल्यापासून दिवस मावळेपर्यंत, दोन दोन महिने. ओरडून ओरडून तिचा घसा गेला. मी जन्मलो त्या वर्षी आबांनी ठोक्या बसवला, आणि पाटाला पाणी नसेल त्या दिवशी ते स्वतः गोफण घेऊन माळ्यावर चढू लागले. दुसऱ्याचं ऐकून तिलाही ओरडावंसं वाटेल म्हणून आमच्या वावरात कुणालाच ओरडायची बंदी झाली. मला माहीत असलेली आई म्हणजे बांधावर बसून निवडण करणारी, हळू, घोगऱ्या आवाजात बोलणारी बाई. ती ठोक्याच्या मधल्या जागेत बोलायची. "तुझ्या मामानं औंदा बैल घेतलाय," म्हणून गप्प. ठाण्. डबे वाजत जायचे, पाखरं उठायची, ती पदरानं तोंड पुसायची, आणि मग, "पन एका शिंगाचा." जगातली सगळी वाक्यं अशीच असतात असं मला वाटे. शाळेत मी पाढा म्हणताना मधेच थांबायचो आणि मास्तर छडी मारायचे. त्या छडीचंही मला विशेष वाटत नसे, थांबल्यावर काहीतरी वाजणारच. मी चौदा वर्षांचा असताना आई गेली. तिचे शब्द मला खूप आठवतात. एका शिंगाचा बैल आठवतो, निवडणातले खडे टाकायची तिची पद्धत आठवते. आवाज मात्र आठवायला गेलं की माझ्याच डोक्यातला आवाज तिचे शब्द बोलतो, आणि तो आवाज पुण्याचा असतो.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ रिकामा होता तेव्हा मी ठोक्या करून बघितला. कोठीतून एक पिंप मिळालं, डबे मिळाले, खडे अंगणात होतेच. ठोका हुबेहूब आला. खळखळाटही आला. मग मी पुढच्या ठोक्यासाठी हात उचलला आणि तो वरच राहिला, कारण किती वेळानं मारायचा ते मला माहीत नव्हतं. पाच आकडे मोजून मारला, खोटा वाटला. दहा मोजले, पंधरा मोजले. आईचं बैलाचं वाक्य मधे घालून बघितलं. ते कधी आधी संपायचं, कधी अर्ध्यात चिरडायचं. दीड तास मी त्या पिंपाशेजारी फरशीवर बसून होतो. शिपायानं दार उघडून बघितलं आणि न विचारता परत लावलं. ठोका मला येत होता, मधली जागा हरवली होती, आणि ती जागा गेली तर आईचं बोलणं मी ठेवू कुठं?

त्याच आठवड्यात दादाचं पत्र यावं हा योगायोग म्हणा. सोपानदादा माझा थोरला भाऊ, शेती तोच बघतो. अक्षर पोस्टमास्तरचं, मजकूर दादाचा. औंदाचा शाळू शेवटचा. कारखान्याचं सभासदत्व मिळालं आहे, पुढं सगळा ऊस. उसाला पाखरं लागत नाहीत, सबब काढणी होताच ठोक्या उतरवणार, पिंप गोठ्यात पाण्याला होईल. आबांची ना नाही. तरी एकदा येऊन जावे. मी ते पत्र घेऊन तडक भांडारबाबूंकडं गेलो. बाहेरगावी न्यायचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं, बॅटरीवर चालणारं, पेटीएवढं आणि वजनाला अर्धपोतं. "शनिवारी न्या, सोमवारी सकाळी जागेवर पाहिजे," ते म्हणाले, आणि फितीचं एकच चाक दिलं, पंधरा मिनिटांचं. मी घरी कार्ड टाकलं: रविवारी सकाळी यंत्रावर ठोक्याचा आवाज घेणार आहे, त्या वेळी पाटाची पाळी आपल्याकडं असेल असं बघावं. एवढंच लिहिलं. आणखी दोन ओळी लिहायला हव्या होत्या, ते मला कुठं ठाऊक.

दौंडला छोट्या आगगाडीत बसलो ते यंत्र मांडीवर घेऊनच. बारामतीपर्यंत एक म्हातारा विचारत राहिला की यात काय आहे, आणि मी सांगितलं, काही नाही, रिकामं आहे. खरंच तर होतं. खिडकीतून शाळू दिसत होता, कणसं पांढरी पडत आलेली, आणि मधूनमधून उसाचे हिरवे तुकडे. दरवर्षी ते तुकडे मोठे होत होते. मला त्यांचा राग नव्हता. दादाच्या घरावर आता पत्रे यायचे होते, त्याच्या पोरींना शाळेत जायला रस्ता व्हायचा होता. राग असलाच तर माझा मलाच होता: अकरा वर्षांत किती वेळा गावी आलो, आणि एकदाही बांधावर नुसता बसलो नाही. कधी कपड्यांची इस्त्री जपली, कधी परतीची एस.टी.

रविवारी सकाळी वावरात गेलो तर मला चमत्कारिक वाटायला लागलं आणि कारण समजेना. आबा नवीन पटका बांधून उभे होते, दाढी केलेली. भामावहिनी न्याहारी घेऊन आली तर तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्यांना फडकं गुंडाळलेलं. मी विचारलं तर तिनं बोट ओठांवर ठेवलं. कुत्रा दिसेना.

"त्याला थोरल्या वस्तीवर बांधलाय कालधरनं," आबा हळूच म्हणाले. "उगी भुकंल मधीच. बैलांच्या घंट्या काढल्या. शेजाऱ्यास्नी सांगितलंय, धा वाजंपातुर मोट न्हाय, औत न्हाय, कुनी हाकबी मारायची न्हाय."

दादा मिशीत हसत होता. "रेडूवाल्यांचा बाप हाय म्हनल्यावर ऐकत्यात समदी."

मी ठोक्याकडं बघितलं. दांडा धुऊन पुसलेला होता, डबे राखेनं घासून चकचकीत केलेले, आसाला तेल चमकत होतं. पूर्वी पन्हळ खाली जाताना आस कुरकुरायचा, कुंईऽऽ असा, म्हाताऱ्या माणसानं उठताना कण्हावं तसा. ठोक्याच्या आधी तो आवाज यायचा आणि आई तेवढ्यावरून वाक्य आवरतं घ्यायची. मला ते आत्ता आठवलं, आठवायला आणि ती कुरकुर जायला एकच वेळ आली.

"करंजाचं तेल सोडलंया," आबा म्हणाले. "पाव्हन्याम्होरं कुरकुर नगं."

पाटकऱ्यानं दार उचललं होतं, पाणी चारीतून येत होतं, आणि पाळी फक्त दहापर्यंत होती. मी यंत्र बांधावर मांडलं, माइक ज्वारीत खोवला, चाक सुरू केलं. पन्हळ भरली, गपचूप खाली गेली. ठाण्. खळखळ ओढ्यापर्यंत पळाली. मग शांत. मग ठाण्. मी कानांना हेडफोन लावून डोळे मिटले आणि आईच्या वाक्याची वाट बघू लागलो. सहा मिनिटं असं चाललं. माझ्या छातीत काहीच हललं नाही. फरशीवर पिंपाशेजारी बसलो होतो त्याहून ते वेगळं नव्हतं. उलट डबे घासल्यामुळं आवाज जास्तच देखणा आला होता. मी चाक थांबवलं, मागं फिरवलं, आणि हेडफोन आबांच्या पटक्यावरून त्यांच्या कानांवर बसवला.

आबा मान खाली घालून ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्ये कुनाचं वावर हाय?"

"आपलंच की, आबा. आत्ताचं."

"न्हाय." त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ह्यात पाखरं न्हाईत."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वर बघितलं. बाभळी रिकाम्या होत्या. पंधरा एकर पिकलेला शाळू, जानेवारीतली सकाळ, आणि एक भोरडी नाही, चिमणी नाही, होला नाही. ठोका पडत होता आणि त्याच्यापुढून काहीच उठत नव्हतं. "पाखरं कुठं गेली?" मी विचारलं, आणि माझा आवाज चढलेला मला ऐकू आला.

"हाकलली." दादा म्हणाला. "दोन दिस चार मानसं गोफणी घिऊन हुबी हुती. आबांनीच लावली."

"पण का? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

आबा गोंधळले. त्यांना मी असं गोंधळलेलं कधी बघितलं नव्हतं. "अरं, पुन्याची मानसं ऐकनार ना ह्ये? आपल्या वावरात पाखरं वाजली तर काय म्हनतील? जोतीरामाच्या वावराला राखन न्हाय म्हनतील." राखणदाराची अब्रू ती. पाखरू नसलेलं वावर म्हणजे चोख वावर. असं वावर त्यांनी चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं, ते त्यांनी माझ्या यंत्रासाठी केलं. आणि मी त्यांच्यावर ओरडलो. मी म्हणालो की तुम्ही सगळं बिघडवलंत, आता हे परत कधी मिळायचं नाही, मी आजच निघणार, दादा ठोक्या उतरवणार. ज्या वावरात ओरडायची बंदी होती तिथं मी बापावर ओरडलो, आणि कुरकुर जाऊन गुळगुळीत झालेल्या ठोक्यानंही माझ्यासाठी मधे थांबायला जागा केली नाही. दादा म्हणाला, "म्हिपा, गप. त्यास्नी काय म्हाईत," आणि बेण्याचा ऊस बघायला ओढ्याकडच्या अंगाला निघून गेला. त्याला माझी लाज वाटली असावी. मलाही वाटली.

दहाला पाटकऱ्यानं दार टाकलं. चारी बारीक झाली. शेवटची पन्हळ अर्धीच भरली आणि तशीच वाकडी होऊन राहिली. आबा आणि मी बांधावर बसलो. फितीवर अजून जागा होती. यंत्र उचलून घरी जायला हवं होतं, पण उठवेना. असा पाऊण तास गेला असेल. मग ओढ्यावरून एक भोरडी आली, माळ्याच्या दांडीवर बसली, मान फिरवून बघितलं. मग पाच. मग सगळा थवा, दोन दिवसांचा उपाशी, काळा-गुलाबी, आकाशातून ओतल्यासारखा शाळूवर उतरला. धाटं वाकली. दाणे फुटायला लागले. त्या चोचींचा करकर असा बारीक आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, कारण ठोक्यानं तो कधी सुरूच होऊ दिला नव्हता. मी आबांकडं बघितलं. गोफण त्यांच्या पायाशी होती. त्यांनी ती पायानं बाजूला सारली आणि यंत्राकडं बोट केलं. मी चाक सुरू केलं.

"तुझ्या आईची हाळी तुला ठावं न्हाय," आबा पाखरांकडं बघत म्हणाले. "तू तवा पोटात हुतास. माळ्यावर हुबी ऱ्हाऊन तिनं हाळी दिली तर पाटापल्याडची मानसं औत थांबवून ऐकायची. मग थुकीत रगत पडाया लागलं म्हून म्या ठोक्या केला. घसा ऱ्हायला तिचा, पर हाळी गेली. म्या वरडूच दिलं न्हाय तिला परत. मला वाटायचं, हुंदे जरा बरी, मग ऐकू की कवातरी. तसंच ऱ्हायलं. ती गेली, तरी म्या ठोक्या चालवत ऱ्हायलो, आन् दर ठोक्याला मनात यायचं, ह्या जागी तिची हाळी हुती." हे सगळं ते एका दमात बोलले. कुठंही थांबले नाहीत. मला रडू येत होतं आणि मी ते माइकपासून लांब, शर्टाच्या बाहीत दाबून धरलं होतं. ज्या दोन ठोक्यांमधली जागा मी शोधत फिरत होतो, त्यातला प्रत्येक ठोकाच तिच्या गळ्यावर पडला होता, आणि ते या माणसाला सत्तावीस वर्षं माहीत होतं.

ओढ्याकडून दादा येताना दिसला. त्यानं मान वर केली, शाळूवर पसरलेला थवा बघितला, खांद्यावरच्या उसाच्या मोळ्या खाली टाकल्या आणि पळत सुटला. गोफण आमच्याजवळ, ठोक्या बंद. पळता पळता त्यानं तोंडाशी हात नेला आणि बंदीबिंदी विसरून हाळी दिली. "हाऽऽऽ ह्योऽऽ! ह्यो ह्यो हाऽऽऽ!" दादाचा आवाज जाड, बैलावर ओरडणाऱ्याचा. पण ही हाळी उंच होती, शेवटाला वर चढून तिथंच जरा थरथरणारी, बाईमाणसाची. आबांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की हाड दुखलं.

"हीच," ते म्हणाले. "तिचीच हाय. नऊ वर्सांचा हुता, तिच्या शेजारी माळ्यावर हुबा ऱ्हायचा."

सगळं वावर एकदम उठलं. हजार पंख आमच्या डोक्यावरून पाटापलीकडं गेले.

दादा धापा टाकत बांधावर आला. "आबा! डोळ्यादेखत खात्यात आन् तुमी दोघं बसून बघताय? आरं म्हिपा, तुलाबी कळंना?"

"सोपाना," आबा म्हणाले, "आनिक एकदा दे."

"काय?"

"हाळी."

"आता कशापाय? गेली की पाखरं."

"जाऊं दे. दे तू."

दादानं आबांकडं बघितलं, त्यांनी धरलेल्या माझ्या मनगटाकडं बघितलं, फिरत असलेल्या चाकाकडं बघितलं. त्याला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही. त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं, एकही पाखरू नसलेल्या वावराकडं तोंड केलं, आणि छाती भरून घेतली.